प्रवाशाचें गांठोडें आणि सरकारची जकात



परदेशीं असलेला मुलगा, पुतण्या किंवा भाची रजेवर घरीं येणार असल्याचा निरोप आला, कीं घरांत एक यादी आकार घेऊं लागते. कोणास घड्याळ हवें असतें, कोणास अत्तर, कोणास नव्या घडणीचा कॅमेरा. आणि येणारें माणूस दुबई, मस्कत किंवा कुवेत येथून निघणार असेल, तर यादीच्या शेवटीं जरा दबल्या आवाजांत सोन्याचा उल्लेख होतो. ही यादी करणारांपैकीं फारच थोड्यांच्या ध्यानांत येतें, कीं त्या वस्तु आणि आपला दिवाणखाना यांच्या मधोमध विमानतळावर एक लांबट टेबल मांडलेलें आहे, व त्या टेबलापलीकडे जकातखात्याचा अधिकारी उभा आहे. त्या टेबलाशीं काय घडतें, काय घडावें, आणि गेलीं कित्येक वर्षें तेथें एका बाबतींत न्यायाचें माप कसें आखडत चाललें होतें, यासंबंधीं आज चार शब्द सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम मुळाशीं जाऊं. परदेशी माल देशांत येतांना सरकार जकात घेतें ती मुख्यतः व्यापाऱ्याकडून. व्यापारी माल आणतो तो विकण्यासाठीं. भरलेली जकात किमतींत मिसळून तो ती गिऱ्हाइकाकडून वसूल करूं शकतो. प्रवाशाचें तसें नाहीं. त्याच्या ट्रंकेंतील सदरा त्याच्याच अंगावर जायचा असतो, आणि पिशवींतील खेळणें त्याच्या मुलाच्या हातांत. तो माल खरा, पण बाजाराचा नव्हे. आपल्या १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यांत हा भेद स्पष्ट केलेला आहे. सामानांत काय आहे तें मालकानें सांगावें, असें त्याचें ७७ वें कलम म्हणतें. आणि वापरांतील वस्तु, कुटुंबाच्या उपयोगाची वस्तु, खरीखुरी भेट किंवा प्रवासाची आठवण नियमांत सांगितलेल्या मर्यादेपर्यंत जकातीवांचून सोडावी, असें ७९ वें कलम म्हणतें. सांगणें प्रवाशाचें, सोडणें सरकारचें. बाकीचे सारे नियम या दोन कलमांचा विस्तार आहेत.

हा विचार विलायतेहून आलेला आहे असें मात्र कोणी समजूं नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत शुल्काध्यक्षाविषयीं एक स्वतंत्र प्रकरण आहे. नगराच्या महाद्वारापाशीं शुल्कशाळा असावी, तिच्यावर ध्वज असावा, आणि चारपांच अधिकाऱ्यांनीं आलेल्या व्यापाऱ्यास तो कोण, कोठला, त्याचा माल किती, त्यावर मुद्रा कोठें उमटली, हें विचारून लिहून घ्यावें, अशी व्यवस्था तेथें सांगितली आहे. विमानतळावरील टेबलाची ही पणजीच म्हणावयाची! परंतु त्याच प्रकरणांत पुढें कांहीं माल शुल्कावांचून जाऊं द्यावा असें सांगितलें आहे: विवाहासाठीं नेलेला, वधूबरोबर सासरीं चाललेला, भेट म्हणून दिलेला, यज्ञासाठीं, बाळंतपणासाठीं, देवपूजा, चौल, उपनयन, व्रत, दीक्षा इत्यादि कार्यांसाठीं नेला जाणारा. आणि याला लागूनच, जो खोटें सांगेल त्यास चोराची शिक्षा. एका हातानें सवलत व दुसऱ्या हातानें तिच्या दुरुपयोगाला दंड, हें त्या ग्रंथांतील जोडकाम मला फार मार्मिक वाटतें. लग्नाचें आणि भेटीचें सोडावें हें आमच्या पूर्वजांना समजलें होतें. किती सोडावें हा प्रश्न मात्र तेव्हांपासून आजतागायत सुटलेला नाहीं.

सवलत नसली, किंवा असून ती अधिकाऱ्याच्या लहरीवर अवलंबून राहिली, म्हणजे काय होतें याचें उदाहरण आपल्या मुंबई इलाख्यांतच घडलेलें आहे. काठेवाडांतील संस्थानांतून आगगाडीनें ब्रिटिश मुलखांत शिरणाऱ्या प्रवाशांची वीरमगाम स्टेशनावर जकातीसाठीं झडती होत असे. १९१५ सालीं गांधीजी आफ्रिकेहून परत आले तेव्हां वढवाण येथें एका शिंप्यानें त्यांची गांठ घेऊन या जाचाची कैफियत त्यांच्या कानीं घातली. गांधीजींनीं मुंबईच्या गव्हर्नरांपासून व्हाइसरॉयपर्यंत हा प्रश्न नेला आणि १९१७ सालीं ती जकात उठली. त्यांच्या आत्मचरित्रांत हें प्रकरण आलें आहे. वीरमगामला त्रास झाला तो तिसऱ्या वर्गाच्या गोरगरिबांना. ज्याचें गांठोडें लहान त्याची झडती मोठी, हा जकातीच्या टेबलाचा जुना दोष आहे.

गोव्याच्या सरहद्दीवरहि तेंच. पोर्तुगीज अमदानींत मुंबईहून गणपतीला घरीं निघालेला गोवेकर कॅसलरॉकला एकदां आणि घाट उतरून कुळें स्टेशनावर दुसऱ्यांदां, अशा दोन जकातींतून पार पडे. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानें दोन्ही मुलखांची जकात एक केली होती. पण ती व्यवस्था १८९२ सालीं संपली, आणि मग १९६१ पर्यंत एकाच भाषेच्या, एकाच देवळाच्या माणसांमध्यें हीं टेबलें मांडलेलीं राहिलीं.

येथें एक गंमतीची गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाहीं. खुल्या व्यापाराचा आद्य पुरस्कर्ता ॲडम स्मिथ उतारवयांत, १७७८ सालीं, स्कॉटलंडमध्यें जकातीचाच कमिशनर झाला. निषिद्ध मालाची यादी हातीं आल्यावर त्यानें आपलें कपाट उघडून पाहिलें, तों गळपट्टे, हातरुमाल, झालरी यांपैकीं बहुतेक वस्तु त्या यादींत बसणाऱ्या! इतरांस धडा घालून देण्यासाठीं त्यानें त्या जाळून टाकल्या, व आपल्या एका मित्रास पत्र लिहून त्याच्या पत्नीचें कपाट न तपासण्याचा सल्ला दिला. जकातीचा नियम व्यवहाराला सोडून गेला, म्हणजे त्या खात्याचा मुख्यदेखील गुन्हेगार ठरतो, हें त्यानें स्वतःच्या कपाटावरून दाखवून दिलें.

आतां आपल्या मुख्य मुद्द्याकडे वळूं. मर्यादा घालण्याच्या रीती दोन. एक मापानें किंवा वजनानें, दुसरी किमतीनें. १९५४ सालीं न्यूयॉर्क येथें प्रवाशांच्या सोयीसाठीं राष्ट्राराष्ट्रांचा जो करार झाला त्यांत २०० सिगारेटी, एक बाटली मद्य, पाव लिटर सुगंधी पाणी, अशीं मापें सांगितलीं आहेत. आपल्या नियमांतहि दोन लिटर मद्य आणि १०० सिगारेटी हें असेंच माप आहे. मापाचा गुण हा, कीं तें म्हातारें होत नाहीं. दोन लिटर हे १९६० सालीं दोन लिटरच होते, आजहि तितकेच आहेत.

किमतीच्या मर्यादेचें तसें नाहीं. ती लिहिली जाते त्या दिवसापासून झिजूं लागते. प्रवाशाला बिनजकात आणतां येणाऱ्या सामान्य वस्तूंची मर्यादा २०१२ च्या अर्थसंकल्पानें २५ हजारांवरून ३५ हजार केली. २०१४ सालीं ती ४५ हजार झाली. आणि १ एप्रिल २०१६ पासून लागू झालेल्या नियमांनीं भारतांत राहणाऱ्या प्रवाशासाठीं ५० हजारांवर आणून ठेविली. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षें ती तेथेंच उभी राहिली. या काळांत एका बऱ्या टेलिफोनची किंमत कोठून कोठें गेली हें श्रोत्यांना सांगावयास नको. अखेर २ फेब्रुवारी २०२६ पासून नवे नियम अमलांत आले व मर्यादा ७५ हजार झाली. परदेशी पर्यटकांसाठीं ती १५ हजारांची २५ हजार झाली.

पण कॅमेरा न आणला म्हणून कोणाचें अडत नाहीं. खरा घोर सोन्याचा आहे, आणि तो विशेषतः बायकांना. एक वर्षाहून अधिक काळ परदेशीं राहून परत येणाऱ्या प्रवाशाला कांहीं दागिने बिनजकात आणण्याची खास सवलत आहे. १९९१ सालीं तिची मर्यादा पुरुषास १० हजार व स्त्रीस २० हजार रुपये होती. त्या वेळीं दहा ग्रॅम सोन्याचा भाव साडेतीन हजारांच्या आसपास होता. म्हणजे आजकालच्या दहा ग्रॅमच्या तोळ्यानें स्त्रीला साडेपांच तोळ्यांहून थोडें अधिक सोनें आणतां येई. पाटल्या, बांगड्या, गळ्यांतलें, सारें त्यांत बसे. पुढें भाव चढत गेला, मर्यादा मात्र जागची हलली नाहीं. एक वर्ष नव्हे, दहा नव्हे, तब्बल बावीस वर्षें! २०१३ च्या आरंभीं भाव तीस हजारांच्या घरांत होता, आणि त्याच २० हजारांत एक तोळादेखील बसत नव्हता. संसदेनें कायदा बदलला नाहीं, सरकारनें हुकूम काढला नाहीं. नुसत्या बाजारभावानें साडेपांच तोळ्यांची सवलत पाऊण तोळ्याच्याहि खालीं आणून ठेविली.

२०१३ च्या अर्थसंकल्पांत अर्थमंत्र्यांनीं ही विसंगति मान्य केली आणि मर्यादा पांचपट, म्हणजे ५० हजार व एक लाख, अशी केली. २०१६ सालीं तिला वजनाची आणखी एक अट जोडली: पुरुषास २० ग्रॅम, स्त्रीस ४० ग्रॅम, आणि वजन व किंमत या दोहोंच्या आंत राहावें. तेव्हांच्या भावानें ४० ग्रॅमची किंमत लाखाच्या थोडी वर जाई, म्हणून दोन्ही अटी जवळजवळ एकमेकींस लागून होत्या. मग पुन्हां तोच क्रम सुरू झाला. २०२५ सालीं दहा ग्रॅमचा भाव एक लाखापलीकडे गेला. नियमाच्या पुस्तकांत ४० ग्रॅम लिहिलेले, आणि प्रत्यक्षांत दहादेखील बसत नाहींत! आखाती देशांत दोनतीन वर्षें रुग्णालयांत रात्रपाळ्या करून परत येणारी परिचारिका दोन बांगड्या हातांत घालून आली, तर ती कायद्याच्या दृष्टीनें मर्यादेबाहेर. तिनें काय करावें? बांगड्या बाहींत लपवाव्या, कीं अधिकाऱ्यापुढें हात पुढें करून जकात भरावी?

जकातखात्याचीहि बाजू आहे, ती नाकारतां येत नाहीं. १९६८ चा सुवर्णनियंत्रणाचा कायदा १९९० सालीं रद्द होईपर्यंत कोंकणकिनाऱ्यावर रात्रीं कोणत्या पेट्या उतरत, याच्या कथा अजून लोक सांगतात. कायदा गेला, पण सोन्याच्या चोरट्या व्यापाराचा धंदा गेला नाहीं. त्यानें गलबत सोडून विमान धरलें. सोन्याची भुकटी करून, लेप करून, पट्ट्याच्या बकलांत ओतून तें आणणारे लोक आहेत, आणि त्यांच्यांतलेच कांहीं जण बायकांच्या अंगावर दागिने घालून पाठवितात. अधिकाऱ्याला संशय घ्यावाच लागतो. पण ज्या नियमांत सामान्य लग्नाच्या बांगड्या बसत नाहींत, त्या नियमानें चोर व साव वेगळे कसे निवडावे? चाळणीचीं भोकें बुजलीं म्हणजे तींत पीठ आणि कोंडा दोन्ही अडकतात.

हा प्रश्न न्यायालयांत गेला. २०२५ सालीं दिल्ली उच्च न्यायालयापुढें अशीं बरींच प्रकरणें आलीं. त्यांत न्यायालयानें दोन गोष्टी ठासून सांगितल्या. एक, सोन्याचा भाव पाहतां २०१६ च्या नियमांचा सरकारनें फेरविचार करावा. दुसरी, माल जप्त करण्यापूर्वीं कायद्याच्या १२४ व्या कलमाप्रमाणें नोटीस मिळण्याचा जो हक्क प्रवाशाला आहे, तो छापील कागदावर सही घेऊन त्याच्याकडून सोडवून घेणें ही रीत कायद्याला धरून नाहीं. ही दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. रात्रीं दोन वाजतां, दहा तासांच्या प्रवासानंतर, बाहेर वाट पाहणाऱ्या मुलांच्या ओढीनें माणूस पुढें येईल त्या कागदावर सही करतो. त्यानें कागद वाचलेला नसतो. वाचला तरी त्याचा अर्थ त्याला समजावून दिलेला नसतो.

२०२६ च्या नियमांनीं दागिन्यांवरील किमतीची अट काढून टाकली. आतां स्त्रीस ४० ग्रॅम, इतरांस २० ग्रॅम, एवढेंच. भाव चढो कीं उतरो, तराजू तेंच सांगेल. माझ्या मतें या साऱ्या फेरफारांत हा सर्वांत शहाणपणाचा आहे, आणि तो पंचवीसतीस वर्षें आधीं व्हावयास हवा होता. सामान्य वस्तूंची ७५ हजारांची मर्यादा मात्र अजून रुपयांतच आहे; तीहि हळूहळू झिजणार. दर दोनतीन वर्षांनीं महागाईच्या मानानें ती आपोआप वाढावी अशी तजवीज करणें फारसें अवघड नाहीं.

सरकारनें आपलें माप नीट केलें. आतां प्रवाशाचा भाग. विमानतळावर दोन वाटा असतात, एक तांबडी व एक हिरवी. ज्याच्यापाशीं सांगण्यासारखें कांहीं आहे त्यानें तांबडीनें जावें, इतरांनीं हिरवीनें. हिरवीनें जाणाऱ्यास फॉर्म भरण्याचें कारण २०१६ पासून उरलेलें नाहीं. त्यामुळें पुष्कळांची अशी समजूत आहे कीं हिरवी वाट म्हणजे ‘धरलें तर पाहूं’ अशी वाट. ही समजूत घातक आहे. हिरव्या वाटेवर टाकलेलें पाऊल हेंच ‘माझ्यापाशीं मर्यादेबाहेरचें कांहीं नाहीं’ असें सांगणें आहे. तेथें मुकाट्यानें चालणें म्हणजे बोलणेंच. तांबड्या वाटेनें जाऊन स्वतः सांगितलेल्या वस्तूवर फार तर जकात बसते. हिरव्या वाटेवर सांपडलेल्या त्याच वस्तूवर जप्ती, ती सोडविण्याचा दंड आणि शिवाय शिक्षेचा दंड, असे तीन फांस बसूं शकतात.

जकात तरी केवढी असते? तीहि लोक समजतात तशी सबंध वस्तूवर नसते, मर्यादेवरच्या किमतीवर असते. २०१८ नंतर कांहीं वर्षें हा दर अधिभार धरून शेंकडा साडेअडतीस होता. ९५ हजारांच्या कॅमेऱ्याला ७५ हजारांची सूट मिळाली, तर हिशेब उरल्या २० हजारांचा. त्या दरानें ७,७०० रुपये. दर बदलत असतात, तेव्हां निघण्यापूर्वीं सीमाशुल्क खात्याचे चालू नियम पाहून घ्यावे हें उत्तम. दुकानाची पावती मात्र जपून ठेवावी. पावती नसली म्हणजे किंमत अधिकारी ठरवितो, आणि ती आपल्याला आवडेलच असें नाहीं.

कुटुंबानें मिळून प्रवास करणारांची आणखी एक चूक होते. नवरा, बायको व दोन मुलें, चौघांची मिळून तीन लाखांची सूट, असा हिशेब करून एखादी मोठी वस्तु आणली जाते. २०१६ च्या नियमांनीं अशी बेरीज करण्याला स्पष्ट मनाई केली. सूट माणशीं आहे, कुटुंबाची नाहीं. तसेंच, आठ दिवस दुबई पाहून येणाऱ्या पर्यटकाला दागिन्यांची खास सवलत मागतां येत नाहीं. ती वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिलेल्यांसाठीं आहे. सोन्याचें नाणें किंवा बिस्किट हा दागिना नव्हे, तेव्हां तें सवलतींत येतच नाहीं. सपाट पडद्याचा टेलिव्हिजन २०१३ च्या ऑगस्टपासून सवलतींतून वगळला आहे. अठरा वर्षांवरील प्रवाशास एक लॅपटॉप मात्र या हिशेबाबाहेर आणतां येतो.

परदेशांत स्थायिक झालेल्या आपल्या नातेवाइकांनीं लग्नकार्यासाठीं येतांना मर्यादेबाहेरचे दागिने आणले, तर त्यांच्यासाठीं कायद्याच्या ८० व्या कलमांत एक सोय आहे, जी फार थोड्यांना ठाऊक असते. खरें सांगून ते दागिने जकातखात्याच्या स्वाधीन करतां येतात, व देश सोडतांना परत मिळतात. कार्यांत ते अंगावर मिरवतां येणार नाहींत हें खरें. पण जकातहि भरावी लागत नाहीं आणि दागिनेहि जात नाहींत.

आणि जी मुलगी येथूनच अंगावर दागिने घालून परदेशीं निघाली आहे, तिनें जातांना विमानतळावरील जकातीच्या कचेरींत ते दागिने दाखवून निर्यातीचा दाखला घ्यावा. त्यासाठीं थोडें लवकर जावें लागतें, सराफाच्या पावत्या किंवा मूल्यमापन बरोबर न्यावें लागतें, आणि निघण्याच्या घाईंत घरचीं माणसें हें काम ‘पुढच्या खेपेस पाहूं’ म्हणून टाळतात. तो दाखला मिळाला कीं त्याची एक प्रत तिच्या आईनें आपल्या कपाटांत ठेवावी. तीन वर्षांनीं ती मुलगी त्याच पाटल्या घालून परत येईल, तेव्हां त्या येथूनच गेल्या होत्या हें टेबलापलीकडच्या माणसाला सांगणारा दुसरा साक्षीदार तिच्याजवळ नसेल.